नागपंचमीच्या दुपारची झोप

त्या दुपारी मी झोपलो होतो, हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही. चार पिल्लं त्या झोपेपायी गेली. घरात मात्र ती आईमुळे गेली असंच सगळे धरून चालतात. आईसुद्धा.

पिल्लं बोआची होती. बोआ म्हणजे परदेशी अजगरच म्हणा. पण ही जात अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देते. दादाने गुडगावच्या फ्लॅटमध्ये एक मादी पाळली होती. ती व्यायली आणि आठवड्याच्या आत कंपनीने दादाला महिनाभर परदेशी पाठवलं. मादी त्याच्या मित्राकडे गेली. अकरा पिल्लं आली लक्ष्मीबाई नगरच्या आमच्या क्वार्टरमध्ये. तिथे आई आणि मी, दोघंच राहायचो.

"अकरा? शी!" आई म्हणाली. "आणि फ्रीजरमध्ये काय ठेवलंस ते?"

"उंदराची पिल्लं. डबा बंद आहे."

"माझ्या मटारांशेजारी? त्याला म्हणावं, आता लग्न कर बाबा. असली बाळंतपणं पुरे झाली."

दादाने वहीत सगळं लिहून दिलं होतं. प्रत्येकाला वेगळा डबा, झाकणाला भोकं, एका बाजूला खालून ऊब देणारी विजेची चटई, पाण्याची वाटी. पहिली कात टाकेपर्यंत खायला द्यायचं नाही. खाल्ल्यावर दोन दिवस हात लावायचा नाही. खोलीत एसी लावायचा नाही, गारठ्यात घास पचत नाही. शेवटच्या दोन ओळींखाली लाल रेघ होती.

ऑफिसातून आलो की मी त्या खोलीत जाऊन बसायचो. जाड पडद्यांतून कोऱ्या चहाच्या रंगाचा उजेड यायचा. एक हात लांब, अंगठ्याहून बारीक अशी ती पिल्लं ओलसर कागदावर पडून असायची. मग त्यांच्या डोळ्यांवर निळसर धुकं चढलं. दोन-चार दिवसांनी ते उतरलं आणि डब्याडब्यांत कांद्याच्या पापुद्र्यासारखी कात दिसली. तिथे बसलं की वाटायचं, आपण पाण्याच्या तळाशी आहोत आणि फायली, साहेब, बसची रांग, सगळं वरून तरंगत कुठेतरी चाललंय.

आई आधी दारातूनच बघायची. मग स्टूल घेऊन आत बसायला लागली.

"हा बघ जीभ काढतोय. तुझा मामा अस्साच चिडवायचा."

मामा तिचा एकुलता भाऊ. आदल्याच वर्षी गेला होता. आमच्याकडे नागपंचमीला बायका नागाला भाऊ मानतात, भावासाठी उपवास धरतात. भाऊच नाही तर सण कसा करायचा, हे तिला कळत नव्हतं. आणि ऐन श्रावणात ही अकरा जणं घरी आली.

पंचमीच्या आदल्या संध्याकाळी पिल्लांनी पहिल्यांदा खाल्लं. सकाळी आईने पाटावर चंदनाचा नाग काढला, दिंडं उकडली, आणि मी अंघोळीला गेलो असताना प्रत्येक वाटीत चमचाभर दूध घातलं. मी आलो तर पाणी पांढरं. वाट्या काठोकाठ होत्या. कोणीच तोंड लावलेलं नव्हतं, सगळी उबेला वेटोळी घालून पडलेली. मी वाट्या धुऊन ताजं पाणी भरलं. आईला बोललो नाही. कशाला तिला हिरमुसली करायची, असं वाटलं.

रजा टाकली होती. दुपारी चिकट उकाडा. जरा वेळ म्हणून मी एसी लावला आणि चार पिल्लं काढून छातीवर ठेवली. पोटातल्या घासाचा फुगवटा बोटांना लागत होता. ती शर्टाच्या बटणांमधून, मनगटाभोवती सावकाश फिरत राहिली. इतकं हलकं वजन, इतकं विश्वासाने टाकलेलं, मी कधी अंगावर घेतलं नव्हतं. डोळा लागला.

उठलो तेव्हा पाच वाजले होते. खोली गारठली होती. बाकीची सात आपापल्या डब्यांत चटईच्या उबेवर होती. चौघं माझ्या काखेत ऊब शोधत गोळा होऊन बसली होती.

दुसऱ्या दिवशी त्या चौघांनी खाल्लेलं उलटून टाकलं. पंधरवड्यात एकेक करून गेली.

दादा आला. "वहीप्रमाणेच केलंस ना सगळं?"

"हो."

"अरे, मी पंचमीला दूध घातलं होतं त्यांच्या पाण्यात," आईच म्हणाली.

"आई, काय यार! साप दूध पीत नाहीत, बिल्कुल नाही. पोट बिघडतं त्यांचं."

"मला कुठे माहीत होतं रे."

दूध तर अकराही वाट्यांत होतं. मग सात वाचली कशी, हे कोणी विचारलं नाही. मी वही मिटून दादाच्या हातात दिली.

पुढच्या श्रावणात आईने पाट काढला नाही. "भावाच्या जिवावर उठलेल्या बाईने पूजा कसली करायची?" भांडी पुसता पुसता म्हणाली, हसून. त्यानंतर तिने पंचमी केलीच नाही, आणि मी दरवर्षी ते बघत आलो.

आता ती दादाकडे असते. ऐंशी ओलांडलीय, पण ऐकू नीट येतं. दर रविवारी मी मेट्रोने जातो, चहा घेतो, गुडघ्यांची चौकशी करतो, परत येतो.

पिल्लं माझ्या हातून गेली, तिच्या दुधाने नाही, हे मला आईला सांगायचं आहे, दादासमोर. ते अजून सांगितलेलं नाही.