मेणाच्या आधीचा मळ

गाड्या धुवायच्या रॅम्पखाली गाळ साठतो, तो कोणी मुद्दाम आणून टाकत नाही. येईल ती गाडी थोडा थोडा सोडून जाते. माझ्याकडं किस्से तसेच साठलेत. उपसा म्हणून कोणी सांगितलेलं नाही, पण आता गुडघे गेले, बसून दुसरं काय करणार.

बारामतीतून इंदापूरकडं निघालं की गाव संपताना आमचा रॅम्प लागायचा. नव्वद सालाच्या पुढची गोष्ट. मी आणि माझा मेव्हणा भगवान, दोघंच. जागा काटेवाडीच्या आबांची. आबांचे वाडवडील मेंढरं राखायचे, आबांनी ऊस केला, पण माणसांशी बोलणं मेंढरांना हाकल्यासारखंच राहिलं. जागेचा कागद नव्हता. "पाडव्यापत्तूर बसा, मग बघू," एवढंच दर वर्षी म्हणायचे. त्याच जागेवर जीपवाल्या संपतरावाचा डोळा होता. त्याला तिथं ढाबा टाकायचा होता. जागा गेली असती तर आम्ही दोघं परत दुसऱ्याच्या रानात रोजानं गेलो असतो.

आमचं काम साधं. आधी भरपूर पाणी, मग साबण. डांबराचे ठिपके रॉकेलनं काढायचे. मग जुन्या धोतराच्या फडक्यावर रबिंगची पेस्ट घेऊन रंगाचा मेलेला थर घासायचा, परत धुवायचं आणि सगळ्यात शेवटी मेण. लोकांना फक्त शेवटचंच पाहिजे असायचं.

*

वडगाव निंबाळकरचे एक मामा पांढरी गाडी घेऊन आले. भाच्याचं लग्न, गाडीत नवरदेव बसणार.

"मेण तेवढं लाव, बाकी राहू दे."

भगवान म्हणाला, "मामा, आधी धुवाय पायजे."

"मुहूर्त तुझ्यासाठी थांबतोय व्हय?"

भगवाननं मातीवरच मेण लावून दिलं. गाडी चकाकली, पण पिवळट. मामा चारी बाजूंनी फिरले.

"हा रंग कुठला रं?"

"तुमच्याच गावचा हाय. मी वरनं नुसतं झाकण घातलं."

*

कळसच्या एका बागायतदारानं जुनी गाडी घेतली. दिवाळीच्या साफसफाईत बायकोनं घरातली तांब्यापितळेची भांडी घासली आणि हात चालू होता म्हणून गाडीही घासली. राख आणि नारळाची शेंडी. टपावरचा रंग गेला, खालचा लाल प्रायमर उघडा पडला. नवरा गाडी घेऊन आला तेव्हा तोंड बघवत नव्हतं. बाई मागं बसून आलेल्या. उतरल्या आणि मलाच सांगायला लागल्या.

"तात्या, तुमीच सांगा यांना. वरची कल्हई गेली एवढंच. आत तांबं हाय. इकणाऱ्यानं फसवलं न्हाय आपल्याला."

बाई नळाकडं गेल्यावर नवरा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "तांबं न्हायच ना?"

*

एका कंत्राटदाराची गाडी आली. दर दसऱ्याला बॉनेटवर तेलात कालवलेल्या कुंकवाचं स्वस्तिक काढायचा आणि पुसायचा नाही, पुसणं वाईट म्हणून. अशी बरीच वर्षं गेलेली. रंग उन्हानं खडूसारखा झालेला, त्यात ते तेल मुरलेलं. गाडी विकायची होती, घेणारा दुसऱ्या धर्माचा. "तेवढं काढा," कंत्राटदार म्हणाला.

भगवाननं घासलं. बाकी बॉनेट जसजसं साफ झालं तसतसं स्वस्तिक जास्तच उठून दिसायला लागलं. आणखी घासावं तर पत्रा लागणार. मी कंत्राटदाराला सांगितलं, हे आता जात नाही.

त्यानं विचार केला. "मग मागच्या डिकीवरबी एक काढा. गाडी घरीच ठेवतो."

*

संपतराव आमच्याकडं कधी गाडी धुवायचा नाही. फडकं डिझेलमध्ये बुडवायचा आणि जीपवरनं फिरवायचा. दोन मिनिटांत जीप नव्यासारखी. मग मुद्दाम आमच्या समोर आणून उभी करायचा.

"किसनराव, तुमी सकाळपास्नं एक गाडी घासताय. ही बघा."

भगवान म्हणायचा, "दाजी, खरंच दिसतीया की."

मी म्हणायचो, रस्त्याला लागू दे.

साखर कारखान्याचा हंगाम. संपतराव उसाच्या ट्रॅक्टरमागून इंदापूरला गेला आणि ट्रॅक्टरमागूनच परत आला. रस्त्याचा फुफाटा, उसाचं पाचट, चिमणीची काजळी, सगळं त्या डिझेलला चिकटलेलं. जीप आमच्या समोर थांबली तरी आम्हाला ओळखू येईना. म्हशीच्या अंगासारखी झालेली. हॉर्न वाजला तेव्हा कळलं.

भगवाननं पाण्याचा पाइप उचलून विचारलं, "मालक कोन हायेत ह्या गाडीचे?"

हे बोलायला नको होतं. संपतराव तिथनं सरळ काटेवाडीला, आबांकडं गेला.

*

आबांनी आम्हाला बोलावलं. त्यांची काळी अँबॅसिडर गोठ्यामागं कित्येक वर्षं उभी होती. कोंबड्या आत राहायच्या. काळा रंग राखेसारखा झालेला.

"संपत म्हनतोय तुमी नुसतं मेण फासता. ही पाडव्याला दारात चमकवून दावा. चमकली तर जागा तुमची, न्हायतर त्याची."

ट्रॅक्टरनं ओढून गाडी रॅम्पवर आणली. कोंबड्यांची घाण खरवडली असती तर रंगावर ओरखडे पडले असते, म्हणून ओली पोती टाकून भिजवली. मग धुतली, घासली. फडकी काळी व्हायची, म्हणजे मेलेला रंग निघतोय. भगवानचे खांदे सुजले, मला त्याला घास भरवावा लागला. मेण लावल्यावर गाडीच्या दारात बघून मी मिशी कातरली.

पाडव्याला गाडी आबांच्या दारात उभी केली. आबा काठी टेकत आले. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांनी गाडीच्या दारावरनं हात फिरवला.

"गुळगुळीत हाय. पर मळल्यावरबी गुळगुळीतच लागत हुती मला. चमकतीया का?"

मी म्हणालो, "आबा, तोंड दिसतंय."

संपतराव म्हणाला, "काय न्हाय दिसत. तवा उभा केल्यागत हाय."

आबांनी मुलाला विचारलं. नामदेव संपतरावाच्या रोजच्या बैठकीतला, पण बापासमोर खोटं बोलायची सवय नाही. तो चपलेकडं बघत राहिला.

आबा म्हणाले, "ह्या दोघांच्या पोटाचा सवाल हाय, दोघंबी आपलंच वडणार. नामदेवा, एडका सोड."

आबांकडं टकरीचा एडका होता, मोठा शिंगाळा मेंढा. जत्रांत लढायचा. माणसाला, भिंतीला, झाडाला त्यानं कधी डोकं लावलं नाही. समोर दुसरा एडका दिसला तरच.

नामदेव म्हणाला, "आबा, दरवाजा जाईल."

"सोड म्हनतोय ना."

एडका सुटला. अंगणात हिंडला, संपतरावाच्या धोतराचा वास घेतला, गाडीजवळ आला. दारासमोर थांबला. भगवाननं माझा दंड धरला. एडका बघतच राहिला. मग मान खाली घातली आणि तसाच मागं मागं सरकत पार तुळशीपर्यंत गेला.

दणका असा बसला की आत राहिलेली कोंबडी काचेतनं बाहेर आली.

आबा काठीवर हनुवटी टेकून उभे होते. "संपत," ते म्हणाले, "तू दुसरी जागा बघ."

नामदेव ओरडला, "आबा, त्यो परत मागं सरकतोय. धरू का?"

"कशाला," आबा म्हणाले. "त्याची अजून खात्री झाली न्हाय."