कात्री न लावता आठ किल्ट

चिपळूणहून पहाटेच्या एसटीने निघून, पुण्यात गाडी बदलून, दुपारी दीडला मी शिरूरच्या स्टँडवर उतरले. जुनी माणसं या गावाला अजून घोडनदीच म्हणतात. वहीतल्या वेळापत्रकापेक्षा वीस मिनिटं उशीर झाला होता. तेवढा मी धरलेलाच असतो.

काम थोडक्यात सांगते. आमच्या मुलींच्या शाळेला एका माजी विद्यार्थिनीने बॅगपाइप ही पिशवीची वाद्यं भेट दिली आणि दोन वर्षांत आठ मुलींचं पथक तयार झालं. गणवेश असेल तर वार्षिक संचलनात पथक पुढे चालेल, नसेल तर मुली प्रेक्षकांत बसतील, असं मुख्याध्यापिकाबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. गणवेश म्हणजे किल्ट: कमरेला गुंडाळायचा लोकरी घेर, पुढून सपाट, मागे चुण्या. त्याच्या चौकड्यांना टार्टन म्हणतात. तिकडे किल्टच्या मुलखात घराण्याघराण्याचं टार्टन वेगळं, मग आपल्या शाळेचंही असावं असं ठरलं. मी शाळेची हेडक्लार्क, त्यामुळे ते आखायचं काम माझ्याकडे आलं. आलेखाच्या कागदावर काळे, तपकिरी, पांढरे आणि मधोमध दोन पिवळे धागे. एकशे दहा धाग्यांत नक्षी पुरी होते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. बाजारातल्या सुटिंगवर भिंग धरून मी हिशोब केला होता, नक्षी चार इंचात बसणार होती.

विणणारे बिरूआबा गावाबाहेर राहतात. तीन पिढ्यांची घोंगडी. दोन महिन्यांपूर्वी मी कागद आणि पिवळी लोकर पाठवली होती. तीन-तीन वारांच्या आठ पट्ट्या त्यांनी ओसरीच्या दोरीवर टाकून ठेवल्या होत्या. मला कुणी बसा म्हणायच्या आत मी बसले.

चौकडी माझ्या वितीपेक्षा मोठी होती. टेप लावला. अकरा इंच.

"आबा, हे चार इंच हवं होतं."

"कागदावर इंच कुठं लिवल्यात, बाई? धागं लिवल्यात. धागं मोजून दिलं, धागं मोजून विनलं." त्यांनी पट्टीची कड माझ्या हातात दिली. "घोंगड्याचा धागा हाय ह्यो. सुटाचा न्हाई."

माझ्या वहीत सगळं होतं, फक्त धाग्याची जाडी नव्हती. कापड खळीमुळे (चिंचोक्यांची पेज, ती लावल्याने धागा ताठ राहतो) पुठ्ठ्यासारखं उभं राहत होतं. रंग मात्र सुंदर उतरले होते. काळ्यातून पिवळी रेघ अशी निघाली होती की राग धरता येईना.

मावशींनी, म्हणजे आबांच्या पत्नींनी, शेंगोळी वाढली (हुलग्याच्या पिठाच्या वळ्या तिखट रश्शात शिजवतात; हुलगे म्हणजे आपले कुळीथ). जेवता जेवता मी पुढची कामं मोठ्याने वाचली. उद्या दौंड. शिंपी उस्मानचाचा, पूर्वी बँडवाल्यांचे कपडे शिवायचे. मापं, मग कापणी.

आबांचा घास हातातच राहिला. "कापनी कशाची?"

"या पट्ट्यांची. कमरेत, लांबीत."

ते उठले, हात धुतले आणि दोरीवरच्या आठही पट्ट्या घडी करून आत घेऊन गेले. मी ताटावर बसलेलीच.

मावशी म्हणाल्या, "आमच्यात इनलेल्याला कात्री लावत न्हाईत, ताई. तुमी आधी बोलायला पायजे हुतं."

आबा दारात आले. "हातानं काढलेली लोकर हाय. कापली की उसवत जाती. दोन हिवाळं टिकत न्हाई, आन् नाव माझं जातं. पैशे परत न्या."

आठ मुली माझ्या डोळ्यांपुढे आल्या. मी अर्धा तास बोलले. शेवटी आबा एवढंच म्हणाले, की उद्या मी संगं येतो. कात्री लागली की माल घिऊन माघारी.

सकाळी न्हावरा, चौफुला करत निघालो. दोन्ही बाजूंना ऊस, पुढे ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. आबांनी गठडं मांडीवरून खाली ठेवलं नाही. वरवंडला चहाला थांबलो तेव्हाही ते गठडं घेऊनच उतरले.

दौंडला चाचांचं दुकान स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर आहे. चाचा सत्तरीचे, आवाज बारीक. त्यांनी पट्टी टेबलावर पसरली, टेप टाकला आणि माझ्याकडे पाहिलं.

"बाई, एका प्लेटेत, म्हणजे चुणीत, एक अख्खी नक्षी दुमडायची असते. नक्षी अकरा इंच. मागं प्लेटा अठरा. हिशोब तुम्ही करा."

मी केला. एका मुलीला दोन पट्ट्या, म्हणजे चारच मुली. पेन्सिल खाली ठेवली. कोणत्या चौघींना घरी बसवायचं, हा विचार माझ्या मनात आला आणि मलाच त्याची लाज वाटली.

चाचा टाचण्या काढत होते. प्लेटा दोन तऱ्हांनी घालतात, त्यांनी समजावलं. एकीत मागूनही चौकड्या सलग दिसतात. दुसरीत प्रत्येक प्लेटेवर एकच रेघ येते, बाकी रंग पोटात जातात आणि चालताना उघडतात. मी यादीत पहिलीवर खूण केली होती.

"ती विसरा," चाचा म्हणाले. "जाड कापडाला पेटी करू. दोन्ही बाजूंनी आत दुमडायचं, मधे पिवळी रेघ. अठराच्या जागी पाच पेट्या. एका पोरीला एक पट्टी. खालची कड मागावरचीच, दुमडायला नको. लांबी जास्त झाली तर वरून आत घेऊ. फक्त कमरेत दुमडींचा आतला फुगा मी नेहमी कापतो."

आबांनी टेबलावरची कात्री उचलली आणि मांडीखाली घेऊन बसले.

"आबा, दोरा तरी तोडू द्या."

"दातानं तोडा, मास्तर."

"दात कुठायत?"

"मग मी तोडतो. माझं हायत."

खरंच, दुपारभर दोरे आबांनी दातांनी तोडले आणि चाचांनी फुगा न कापता तसाच दाबून शिवला. चाचा कुरकुरत होते. "पन्नास वर्षांत असं गिऱ्हाईक आलं नाही."

"मी गिऱ्हाईक न्हाई. मालक हाय."

तीनला पहिला किल्ट झाला. पट्टीच्या टोकाच्या दशा पुढच्या पदरावर तशाच सोडल्या होत्या. घालून बघायला कुणी नव्हतं. मी पुढे होणार तोच आबा उठले आणि धोतरावरून त्यांनी तो गुंडाळला. मी तोंडावर हात ठेवला. ते दुकानाची पायरी उतरून रस्त्यावर गेले.

चहावाल्याने हाक मारली, "आबा, लगीन हाय का?"

"व्हय, तुज्या आज्जीसंगं. पंगतीला ये."

पण पेट्या उघडत होत्या. उभं असताना काळं आणि पाच पिवळ्या रेघा. पाऊल पडलं की आतून तपकिरी, पांढरं, सगळी नक्षी. आबा मान वळवून मागे पाहत चालत राहिले, कोपऱ्यापर्यंत गेले आणि परत आले.

"माझंच हाय का ह्ये?" त्यांनी विचारलं.

दौंडला तीन दिवस राहावं लागलं. आठही झाले. गाडीत बसवताना आबांनी खिडकीची दांडी धरली. "हितं मी बसलो हुतो. तिकडं कोन काय करंल, ते मला कुठं दिसनार?"

मी म्हटलं, "मी असेन."

त्यांचा विश्वास बसलेला दिसला नाही. माझाही फारसा नव्हता. पुण्यापर्यंत मी वही उघडली नाही. नेमकी मोजमापं आपल्यालाच कळतात असं मानत आले होते. त्या माणसाने माझा प्रत्येक धागा पाळला, आणि मी त्याला हे कशासाठी आहे तेवढंही आधी सांगितलं नव्हतं.

सोमवारी शिक्षकदालनात किल्ट मांडले. मुली एकमेकींच्या मागे जाऊन चुण्या पाहत होत्या. मुख्याध्यापिकाबाईंनी एक उचलला, पुढचा पदर निरखला.

"छान आहे. फक्त हे लोंबणारे धागे नीट छाटून घेऊ," म्हणत त्यांनी टेबलावरची कात्री उघडली.

सत्तावीस वर्षांच्या नोकरीत मी त्यांच्यासमोर कधी आवाज चढवला नाही. त्या दिवशीही नाही चढवला. नुसतं त्यांचं मनगट धरलं. सगळं दालन माझ्याकडे बघत होतं आणि मी माझ्या हाताकडे. तो सुटत नव्हता.