आसरांची जागा

मी मुळात भित्री बाई. नाशकात इतकी वर्षं शाळेत शिकवते, पण द्वारकेचा चौक ओलांडायचा म्हटलं की अजूनही एखाद्या धीट दिसणाऱ्या बाईच्या मागे मागे जाते. कुकरची शिट्टी जरा लांबली की मी स्वयंपाकघराबाहेर. अशा माणसाला दादाचा डोझर पहिल्यांदा दिसावा तो नेमका त्याच चौकात, हा निव्वळ नशिबाचा खवचटपणा.

ट्रेलरवर चढवलेलं ते धूड कांद्याच्या ट्रकांमध्ये अडकून पडलं होतं. मागून हॉर्न, पुढून शिव्या. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, ट्रेलरच्या केबिनमधून अर्धा बाहेर लोंबकळत मला हात करत होता. वरातीतला नवरदेवही इतका खूश नसतो. डोझर जुनाच होता, पण अंबडच्या एका वेल्डिंगवाल्याकडे ठाण मांडून दादानं त्याचं रूप पालटून घेतलं होतं. पुढचं सपाट पातं काढून तिथे माणसाच्या उंचीचे लोखंडी दात. मागे एक आडवं, जाड पातं, ते जमिनीत हातभर खाली घुसून मुळं कापत जाणार. आणि चालकावर झाड पडू नये म्हणून केबिनभोवती पाइप आणि जाळीचा पिंजरा. मी तो पिंजरा बघितला आणि पहिला विचार आला तो हा, की यातून माणूस बाहेर कसा येणार?

दादाचं डोकं वेड्या बाभळीवर चालत होतं. लासलगावच्या पुढे येवल्याच्या अंगाला आमची वडिलोपार्जित जमीन. बरीच वर्षं कुणी कसली नाही आणि बाभळीनं ती गिळून टाकली. ही बाभूळ वरून तोडली की खालून चौपट जोमानं फुटते. जाळा, तोडा, तिला काही फरक पडत नाही. मुळाचा गड्डा जमिनीखालून कापला तरच ती मरते. दादानं मोबाइलवर परदेशातली असली यंत्रं बघितली आणि त्यानं ध्यासच घेतला. आधी आपलं रान साफ करायचं, मग पंचक्रोशीतली कामं घ्यायची.

मे महिना होता, मला सुट्टी होती. वहिनी म्हणाली, "ताई, तुम्ही जा त्यांच्याबरोबर. मला ते बघवायचं नाही." म्हणजे भित्रेपणात माझ्यावर ताण करणारी एक घरात होती, पण तिनं शहाणपणानं नाशिक सोडलं नाही. मी गेले.

सकाळी जीपनं रानात पोचलो. बाभळीचं रान इतकं दाट, की बांधावरून आत हातभर दिसेना. रस्त्याकडेच्या कडुनिंबाखाली सात शेंदरी दगड ओळीनं मांडलेले होते. त्या आमच्या साती आसरा. पाण्याच्या देवी. आमच्याकडे त्यांना विहिरीच्या काठी बसवतात, आणि त्यांच्या नैवेद्याशिवाय विहिरीला हात लावत नाहीत. दादानं नारळ फोडला आणि मग माझ्याकडे वळून गंभीर झाला.

"हे बघ, या रानात आज्याच्या वेळची विहीर हाय. पाणी आटलं म्हणून सोडून दिलेली. कठडा नाय, काय नाय, वर नुसतं बाभळीचं छप्पर. सगळ्या भाऊकीला विचारून आलो. कुणाला नक्की जागा सांगता येईना, पण सगळे एकच बोलले, आसरांपाशी."

त्यानं आसरांच्या मागच्या दाट भागाभोवती बांबू रोवले, त्यांना लाल फडकी बांधली आणि मला बजावलं, "इकडं मी येणार नाय. मी इकडं वळलो असं दिसलं तर बोंब मार."

मग त्यानं मला मागचं पातं दाखवलं. लहानपणी नवा भोवरा दाखवायचा, त्याच कौतुकानं. "हे जमिनीत असलं ना, की मशीन मागं येत नाय. आधी पातं उचलायचं, मगच मागं. नाहीतर जागच्या जागी खिळून राहतं." मी मान हलवली. त्याचा माझ्याशी काही संबंध येईल असं मला वाटलं नव्हतं.

इंजिन सुरू झालं आणि माझ्या पायांखालची जमीन थरथरायला लागली. दात बाभळीत घुसले. झाडं आधी वाकायची, मग कडाड आवाज करून आडवी व्हायची, आणि मागून जमीन फाटत यायची. तांबूस, जाड मुळं वर येऊन उघडी पडायची. एकदा एक खोड उलटं फिरून पिंजऱ्यावर आदळलं आणि माझ्या तोंडून किंकाळी फुटली. दादानं आतून अंगठा दाखवला. दोन ससे माझ्या अगदी पायांजवळून पळाले. मग साप. मी बांधावरच्या दगडावर चढून उभी राहिले आणि तिथून उतरलेच नाही.

पण खरी भीती त्या लाल फडक्यांची होती. डोझर त्या बाजूला जरा झुकला की माझा जीव गळ्याशी यायचा. मी ओरडायला तोंड उघडायची, तेवढ्यात तो वळून लांब जायचा आणि मी सुस्कारा सोडायची. सकाळभर माझं हेच चाललं होतं. जसजसा तो रानाच्या पलीकडच्या टोकाकडे सरकत गेला, तसतशी मी मोकळी होत गेले. शेवटी डोझर दिसेनासा झाला, बाभळीवर फक्त धूर दिसत राहिला, तेव्हा मी दगडावर बसून पाणी प्यायले. जा बाबा, मी मनात म्हटलं, तिकडेच राहा.

ऊन चढल्यावर मोठी आई आली. मोठी आई म्हणजे आमच्या थोरल्या चुलत्यांची बायको. चुलते गेले, आमचे आईवडील गेले, आता गावातल्या घरात ती एकटीच असते. गुडघे धरलेले, तरी काठी टेकत, डोक्यावर नैवेद्याची पाटी घेऊन आली होती. दहीभात, हिरव्या बांगड्या, ओटीचं सामान. ती थेट आसरांपुढे बसली, आणि मग तिथून उठून दगडांच्या मागे, फडक्यांच्या आत शिरून वाळकी पानं झाडायला लागली.

मी दगडावरून ओरडले, "मोठी आई, मागे हो! विहीर आहे तिथे!"

तिनं माझ्याकडे बघितलं, मग फडक्यांकडे बघितलं आणि हसली. "हितं कुठली गं विहीर?"

"आसरांची विहीर."

"आसरा व्हय? बया, आसरा तर म्या हितं आणल्या. तिकडं जाताना साडी फाटायची, एकदा काटा मोडला तर पाय पिकला. मग त्यांची वटी भरली, माफी मागितली, आणि डोक्यावर घिऊन आले. वलेत्यानं, अनवाणी, तोंडातून शबुद काढला नाय."

"मग विहीर कुठे आहे?"

तिनं काठी उचलली आणि रानाच्या पलीकडच्या टोकाकडे दाखवली. "त्या तिकडं. त्यो धूर दिसतोय ना, तितं."

तिनं ही गोष्ट कुणाला सांगितली नव्हती, कारण कुणी तिला विचारलंच नव्हतं. भाऊकीतल्या पुरुषांना आसरा कुठे हे माहीत होतं. त्यांना तिथे कुणी बसवलं, हे माहीत नव्हतं. आणि दादा, सगळ्या जगाला विचारून आलेला दादा, लाल फडक्यांपासून लांब राहायचं म्हणून सकाळपासून विहिरीकडेच सरकत होता. आणि मी त्याला मनातून तिकडेच ढकलत होते.

दादाचा मोबाइल जीपमध्येच होता. मी एक बांबू उपटला आणि फडकं फडकवत धावत सुटले.

मी कशी धावले ते मला नीट आठवत नाही. नांगरलेली जमीन, पायात अडकणारी मुळं, एक चप्पल कुठेतरी राहिली. काटा घुसला ते कळलं, पण थांबले नाही. ओरडून उपयोग नव्हता, त्या घरघराटात कुणाला काय ऐकू जाणार होतं? सारखं एकच वाटत होतं, की पुढच्या क्षणी हा आवाज बंद होईल. आवाज बंद झाला की संपलं.

डोझर दिसला. दादा पुढे भलामोठा बाभळीचा ढीग ढकलत चालला होता. त्याला पुढचं काहीच दिसत नव्हतं, नुसता ढीग. मी बाजूनं, जाळीच्या अगदी जवळ जाऊन बांबू नाचवला. त्यानं बघितलं. लाल फडकं बघितलं आणि त्याचा पारा चढला. डोझर थांबवून, जाळीचं दार उघडून तो माझ्यावर खेकसला.

"विहिरीची काठी कशाला उपटलीस? अक्कल हाय का? आता कळणार कसं विहीर कुठं हाय ते?"

आणि त्याच्यासमोरचा ढीग खाली गेला.

पडला नाही, कोसळला नाही. नुसता खाली गेला, जणू कुणी खालून ओढून घेतला. एवढा मोठा ढीग होता, आणि पुढे एकदम मोकळं आभाळ दिसायला लागलं. खोलवर फांद्या मोडण्याचा आवाज येत राहिला, आणि सगळ्यात शेवटी पाण्याचा. आम्ही सगळे तिला कोरडी समजत होतो.

डोझरचे पुढचे दात हवेत होते. चाकांभोवतीच्या लोखंडी साखळीच्या खालून माती भुरभुर निसटत होती आणि धूड हळूच, अगदी हळूच पुढे झुकलं. दादाचा चेहरा पांढरा पडला. त्याचा हात सवयीनं दांड्याकडे गेला. पातं उचलायचं, मग मागं.

"उचलू नको!" मी किंचाळले. "दादा, पातं उचलू नको! त्यानंच धरलंय!"

त्याचा हात दांड्यावर तसाच राहिला. मला त्याच्या डोळ्यांत दिसत होतं, तो यंत्राचा विचार करत होता. किती खटपटीनं उभं केलेलं ते यंत्र. पातं उचलून एकदम मागं घेतलं तर कदाचित निघेल, हा विचार त्याच्या डोक्यात चालला होता, आणि तो "कदाचित" मला स्पष्ट दिसत होता. मी रडायला लागले. मी त्याला शिव्या दिल्या, ज्या मी आयुष्यात कुणाला दिल्या नाहीत. आईची शपथ घातली. म्हटलं, तू उतरला नाहीस तर मी वर येते. आणि मी खरंच साखळीवर पाय ठेवला.

"खाली हो!" तो ओरडला. त्यानं इंजिन बंद केलं. मी पाय काढला. तो आतून निघाला, साखळीवर बसला आणि बसल्या बसल्या मागे सरकत आला, रांगणाऱ्या पोरासारखा. मातीचं एक ढेकूळ सुटलं आणि खाली पाण्यात डुबुक वाजलं. तो थांबला. मग तो पुन्हा सरकला, पात्याच्या दांडीवर आला आणि उडी मारून माझ्या बाजूला पडला. मी त्याची कॉलर धरून त्याला ओढत नेलं, तो चालू शकत असतानाही.

दुसऱ्या दिवशी दोन पोकलेन आणून, तारेचे दोर लावून डोझर मागे ओढला. पात्यानं रात्रभर त्याला धरून ठेवलं होतं. दादा लोकांना हसत हसत सांगत होता, की पातं मीच डिझाइन केलंय. तो असाच आहे. घाबरलास का, असं कुणी विचारलं तर म्हणायचा, "आपल्याला काय होतंय? घाबरली ती ही." मग माझ्याकडे बोट. ते खोटं थोडंच होतं.

पण मोठी आई जेवेना. ओट्यावर बसून राहायची. "म्या त्येंला हलवलं म्हून झालं," एवढंच म्हणायची. दादानं समजावलं, "अगं, तू आलीस म्हणून तर मी हाय." तिला ते पटलं नाही. तिचं म्हणणं एकच, आसरा त्यांच्या जागी गेल्या पाहिजेत. आणि न्यायच्या त्या बाईनंच, ओल्या अंगानं, अनवाणी, न बोलता. सातही जणी जागेवर बसायच्या आत बोललं तर त्या वाटेतच उतरतात. तिचे गुडघे चालत नव्हते. वहिनीनं फोनवरच हात जोडले. उरले मी.

माझ्या डोक्यावर पाटी, पाटीत सात दगड, पायाला बांधलेली पट्टी, अंगावर ओली साडी. विहिरीभोवतीची बाभूळ माणसं लावून तोडली होती, पण काठ पोखरलेला होता. माझी पाचावर धारण बसली होती आणि मला तसं म्हणायचीही सोय नव्हती. दादा माझ्या पुढे चालत होता. हातात तोच बांबू, लाल फडक्याचा. प्रत्येक पावलाला तो बांबूनं जमीन ठोकून बघायचा, मग मागे हात करायचा, आणि मी पाऊल टाकायची.

काठाजवळ आल्यावर मला वाकून दगड ठेवायचे होते. खाली काळं पाणी होतं, आणि त्यात आमच्याच बाभळी तरंगत होत्या. मी पाटी उतरवून खाली टेकवली, पण पुढे वाकवेना. दादानं माझं मनगट घट्ट धरलं. मी एकेक दगड काढून मांडत गेले. तेव्हा मला कळलं, की हलतोय तो माझा हात नाही. दादाचा हात थरथरत होता, दंडापासून बोटांपर्यंत, आणि त्याला तो थांबवता येत नव्हता.

त्यानं माझ्याकडे बघितलं. शेवटचा दगड अजून पाटीत होता, म्हणून मी बोलले नाही.