डावं मागचं चाक

ब्रेकमामांचं खरं नाव त्यांच्या पाटीवरसुद्धा नव्हतं. पाटीवर ‘जुन्या जीपचे ब्रेक’ एवढंच होतं आणि तेही अर्धं उडालेलं. तीस वर्षं त्यांनी दुसरं काम केलं नाही. कुणी इंजिनाचं विचारलं तर म्हणायचे, “पळवायचं काम दुसऱ्या कुणाला द्या. मी फक्त थांबवतो.”

जुन्या जीपच्या मागच्या चाकात ड्रम असतो. त्याच्या आत दोन अर्धगोल लायनर, पेडल दाबलं की फाकणारे आणि ड्रमला आतून धरणारे. ते झिजले की मागच्या पत्र्यातल्या फटीतून स्क्रू ड्रायव्हर घालून एक दातेरी चक्री फिरवायची, म्हणजे लायनर ड्रमच्या जवळ सरकतात. किती जवळ, हाच सगळा खेळ. आधी चाक घासेपर्यंत आवळायचं, मग घासणं थांबेपर्यंत सैल सोडायचं. बाकीचे मेकॅनिक दाते मोजायचे. मामा कान लावायचे. चाक जॅकवर उचलून शेजारी बुटक्या स्टुलावर बसायचं, एका हाताने चाक फिरवायचं, दुसरा हात मागून घालायचा आणि गाल टायरला टेकवून ऐकत राहायचं. त्यांच्या हातची गाडी पुन्हा तक्रार घेऊन आली, असं कधी झालंच नव्हतं.

म्हणून त्या सोमवारी जनावरांच्या डॉक्टरबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, “मामा, डाव्या मागच्या चाकातून जळका वास येतोय,” तेव्हा मामांना आधी गंमतच वाटली. डॉक्टरबाईंची जीप वयाने त्यांच्यापेक्षा मोठी. डोंगरावरच्या गुराख्यांकडे जायला दुसरी कुठली गाडी चालायची नाही. आठच दिवसांपूर्वी मामांनी तिचे ब्रेक सेट करून दिले होते.

मामांनी ड्रमवर तळवा ठेवला आणि झटक्यात मागे घेतला. उजवं चाक जेमतेम कोमट आणि डावं तव्यासारखं! ड्रम उतरवला तर आतून तापून निळा पडलेला.

“हे माझ्या हातचं काम?” मामा स्वतःशीच पुटपुटले. दुपारचा डबा त्यांनी तसाच परत नेला.

लायनर मागे ओढणाऱ्या स्प्रिंगा ढिल्या पडल्या असतील, असं धरून त्यांनी नव्या टाकल्या आणि कान लावून चाक पुन्हा सेट केलं. दहा दिवसांनी जीप परत दारात, तोच वास घेऊन. मग मामांनी लायनर फाकवणारा व्हील सिलिंडर बदलला. हँडब्रेकची केबल अडकते की काय म्हणून ती सोडवून पाहिली. रबरी पाइप आतून फुगला असेल तर ब्रेकचं ऑइल मागे फिरत नाही आणि लायनर सुटत नाहीत, म्हणून तो कापून उजेडाकडे धरला. आरपार स्वच्छ! तरी नवा पाइप घातला. आता त्या चाकात जुनं म्हणावं असं काही उरलंच नव्हतं.

“आता परत आलात तर पाटी उतरवतो,” ते म्हणाले.

डॉक्टरबाई परत आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. आवाज अगदी शांत होता.

“मामा, उतारावर पेडल खालीच गेलं. लागलंच नाही.”

मामा बंद गाड्या ओढून आणणाऱ्या ओढगाडीवाल्याच्या शेजारी बसून गेले. जीप डोंगराच्या अंगाला घासून थांबली होती. बाईंनी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून मुद्दाम मातीच्या चढाला भिडवली होती. आरसा तुटला होता, बाईंचं मनगट मुरगळलं होतं. डावं चाक इतकं तापलं होतं की सिलिंडरातलं ऑइल उकळलं होतं, आणि वाफ झालेलं ऑइल पेडलचा जोर पुढे नेत नाही; चारही चाकांची ऑइलची लाइन एकच. रस्त्याची दरीकडची कड दहा पावलांवर होती. मामांनी तिथून खाली एकदा डोकावलं आणि तिथेच रस्त्यात बसले. ओढगाडीवाल्याने पाणी दिलं. ते हातातच राहिलं.

गॅरेजमध्ये चाक निवल्यावर मामांनी ते पुन्हा उघडलं, पुसलं, ऑइल बदललं, जोडलं आणि सेट करायला बसले. डॉक्टरबाई हाताला पट्टी बांधून त्यांच्या उजव्या खांद्यामागे उभ्या होत्या. मामांनी उजवा हात चाकामागे घातला, उजवा कान टायरला टेकवला आणि चक्री आवळून सैल सोडत गेले.

“बघा. मोकळं झालं.”

“मामा, घासतंय.”

मामा चाक फिरवतच राहिले. बाईंनी खांद्याला हात लावला तसे ते दचकून वळले.

“घासतंय, मामा. मला इथून ऐकू येतंय.”

“काहीतरीच काय! कान लावून बसलोय मी.”

बाई म्हणाल्या, “दुसरा कान लावता का?”

मामांनी वैतागून मान वळवली, अंग वाकडं केलं आणि डावा कान टायरवर ठेवून चाक फिरवलं.

खर्र... खर्र... खर्र...

मामांचा हात थबकला. त्यांनी उजवा कान लावला. सामसूम. पुन्हा डावा. खर्र... खर्र...

“जरा डाव्या कानात बोट घाला आणि समोर बघा,” बाई म्हणाल्या. “मी उजव्या कानाशी चुटकी वाजवते.”

मामा डाव्या कानात बोट घालून भिंतीकडे बघत थांबले, मग बोट काढून म्हणाले, “वाजवा ना.”

“वाजवली, मामा. दोनदा.”

मामांना आधी काही कळलंच नाही, आणि मग सगळं एकदम कळलं. डाव्या चाकाला बसलं की उजवा हात मागे जातो आणि उजवा कान टायरवर येतो. उजव्या चाकाला डावा. स्प्रिंग, सिलिंडर, केबल, पाइप यांत काडीचा दोष नव्हता. त्यांना ऐकू येईनासं झालं की ते हात थांबवत होते आणि लायनर मात्र ड्रमला घासतच होते. ते स्टुलावरून उठले, पुन्हा बसले. “म्हणजे मीच,” एवढंच तोंडातून निघालं.

घरी गेल्यावर त्यांनी बायकोला सांगितलं. ती हबकेल असं त्यांना वाटलं होतं. ती भाजी निवडत म्हणाली, “मला वाटायचं, तुम्ही मुद्दाम लक्ष देत नाही. डावीकडून बोललं की ऐकायचात, म्हणून मी जेवताना तुमच्या डावीकडे बसायला लागले.”

“कधीपासून?”

“झालं की वर्ष.”

हा दुसरा धक्का पहिल्यापेक्षा मोठा होता. एक वर्ष! वर्षभरात किती डावी चाकं!

मामांनी रात्रभर आठवून आठवून कागदावर तेवीस गाड्या उतरवल्या. कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की नस गेलीय, परत यायची नाही, दुसरा कान जपा. मामांनी मान डोलावली आणि तिथून थेट पहिल्या गाडीवाल्याच्या दारात जाऊन उभे राहिले.

“तुमच्या डाव्या चाकाचं काम माझ्याकडून चुकलंय. कान गेलाय माझा. गाडी आणा.”

कुणी हसलं. एकाने नको नको ते सुनावलं. एक म्हातारा ड्रायव्हर म्हणाला, “मला वाटायचं, गाडीच थकली.” तेवीसपैकी अकरा चाकं घासत निघाली. दर वेळी ड्रम उतरवताना मामांच्या डोळ्यांसमोर ती दहा पावलं यायची.

डाव्या चाकाला डावा कान लावायचा तर मागून हातही डावाच घालावा लागतो. छप्पन्नाव्या वर्षी मामा डाव्या हाताने चक्री फिरवायला शिकू लागले. स्क्रू ड्रायव्हर निसटायचा, बोटांची सालं निघायची, दोन मिनिटांच्या कामाला अर्धा तास लागायचा. शेजारच्या वेल्डरला त्यांनी सांगून ठेवलं होतं, मी चाकाला बसलो की तुझं मशीन बंद. तो बिचारा ऐकायचा.

डॉक्टरबाईंचं मनगट बरं झालं तशी मामांनी त्यांची जीप शेवटी घेतली. डाव्या हाताने सेट केली आणि बाईंना शेजारी बसवून त्याच उतारावर नेली. खालपर्यंत चार वेळा थांबवली. तळाशी उतरून त्यांनी डाव्या ड्रमवर तळवा ठेवला, मग उजव्यावर, मग पुन्हा डाव्यावर.

“दोन्ही चाकं सारखीच वाटतात,” ते म्हणाले. “पण तुम्हीही बघा.”

बाईंनी हात लावला. “सारखीच आहेत, मामा.”

“नीट बघा. घाई नाही.”

बाईंनी पुन्हा वाकून दोन्ही ड्रमवर हात ठेवले, आणि मामा त्यांच्या चेहऱ्याकडे बघत उभे राहिले.