पोस्टरवरचा उजळ चेहरा

डाळीच्या पिठात साय कालवल्याचा वास आला की माझं डोकं अजूनही फिरतं. जर्मनीत, वोल्फ्सबुर्गला, दर रविवारी आई ते माझ्या तोंडाला फासायची, रंग उजळावा म्हणून. चौथीत शाळेनं आवडत्या माणसाचं पोस्टर करायला सांगितलं. मी टीव्हीवरचा एक काळा विनोदी नट निवडला; तो पोट दुखेपर्यंत हसवायचा, आणि टीव्हीवर माझ्या रंगाच्या जवळपास जाणारा तोच एक होता. अख्खी ब्राउन पेन्सिल झिजवून मी त्याचा चेहरा रंगवला. सकाळी बघते तर आईनं त्यावर पांढरा खडू घासलेला. "अगं, वर्गात लावणार ना? जरा उजळ केला, एवढंच." वर्गात बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "तुला त्याचा रंग आवडत नाही का?" आईचं नाव कसं सांगणार? मी गप्प उभी राहिले आणि सगळ्यांनी त्याचा अर्थ 'नाही आवडत' असाच घेतला. परवा आई माझ्याकडे आली आणि माझ्या मुलीला समोर घेऊन वाटीत तेच पीठ कालवायला बसली. मी वाटी हिसकावून सिंकमध्ये उपडी केली. "अगं, जरा उजळेल, एवढंच!" मुलगी गाल चोळत जर्मनमध्ये विचारायला लागली, "माझ्या रंगाला काय झालंय?" मी आईला म्हटलं, "सांग तिला."