पन्नास गोळ्यांची डबी
काल सुनेसाठी बांगड्या घेताना सराफाच्या काट्यावरचे आकडे थरथरले आणि वीस वर्षांपूर्वीचं, जर्मनीतल्या बॉबलिंगेनच्या रायफल क्लबाचं तेलकट वासाचं तळघर आठवलं. स्पर्धेची काडतुसं आम्ही स्वतः भरायचो. त्यासाठी गोळ्या वजनाला तंतोतंत सारख्या लागायच्या. मी सोनाराचा मुलगा. तीन रविवार काट्याशी बसून पाचशेंतल्या पन्नास वेचल्या. "गेनाऊ! अगदी अचूक! असा हात कुणाचाच नाही," क्लबाचा कॅप्टन म्हणायचा. मग संघाची यादी लागली. नेम चांगला असूनही तिच्यात माझं नाव नव्हतं. विचारलं तर तो हसला. "आल्झो, म्हणजे असं बघ, तू खेळलास तर गोळ्या कोण निवडणार?" मी ती पन्नासांची डबी त्याच्या हातात ठेवली. त्या गोळ्या परत ढिगात मिसळून टाकायला हव्या होत्या, हे मला सुचलं काल, सराफाच्या दुकानात.