अर्ध्या दिवसाचं लेकरू

बाळंतपणाची रजा संपत आली तेव्हा माझी मुलगी तीन महिन्यांची होती आणि तिला ठेवायला माझ्याकडे माणूस नव्हतं. आई माझ्या लग्नाआधीच गेलेली. सासूबाई कुंभार पिंपळगावला. शेत आणि आजारी सासरे यांतून त्यांना उसंत नव्हती, आणि असती तरी त्या आल्या नसत्या. "आपलं लेकरू टाकून दुसऱ्याच्या पोरींना बाराखडी शिकवायला जायचं म्हंजी नवलच हाय," हे त्यांनी बारशालाच सांगून टाकलं होतं. माझे यजमान तहसिलीत कारकून. साहेबाबरोबर दौऱ्यावर गेले की आठ-आठ दिवस तोंड दिसायचं नाही.

मी जुन्या जालन्यातल्या मुलींच्या शाळेत शिकवायचे. निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती. मराठी शिकवणाऱ्या बायका मिळत नव्हत्या, म्हणून आमच्या मोठ्या बाई मला सोडायला तयार नव्हत्या. त्या म्हणाल्या, "पूर्ण दिवस नको. सकाळची अर्धी शाळा घे. कापसाच्या जिनिंगचा दुपारचा भोंगा झाला की घरी जा. लेकरू अंगावरून सुटलं की पुढचं बघू." पगारही अर्धाच मिळणार होता, पण मला ते देवानं दिल्यासारखं वाटलं.

आम्ही राहायचो तिथं एका ओळीत खोल्या होत्या. पुढे सगळ्यांचा मिळून एक ओटा, मागे विहीर. आमच्या शेजारी मोंढ्यातला मापारी राहायचा. दिवसभर धान्याची मापं मोठ्यानं मोजून त्याचा घसा बसलेला असायचा. म्हणूनच की काय, घरी तो फारसा बोलत नसे. त्याची बायको माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठी. आम्ही दोघी एकाच वेळी पोटुशी होतो. ओट्यावर ज्वारी निवडत बसायचो, सुजलेले पाय एकमेकींना दाखवायचो. तिला मुलगा झाला, मग आठवड्याभरानं मला मुलगी. तिचा मुलगा दोन महिन्यांचा असताना तापानं गेला. सकाळी अंग तापलं आणि तिसऱ्या दिवशी घर रिकामं झालं.

माझी रजा संपायला थोडे दिवस राहिले असताना ती स्वतःच माझ्या दारात आली.

"बाई, तुमी शाळेत जाऊन राह्यल्या म्हने. लेकरू कुठं ठिवता?"

"तेच कळत नाही, वहिनी."

"मंग माझ्याकडं द्या की. मी घरात काय करून राह्यले? भिंतीकडं बघत बसते निस्ती."

ओळीच्या टोकाला एक म्हातारी राहायची. तिनं त्याच संध्याकाळी मला विहिरीवर गाठलं. "जिची कूस जळली तिच्या पदरात आपलं लेकरू टाकू न्हाई, माय." मला तिचा राग आला. मी शिकलेली होते, असल्या बोलण्याला किंमत द्यायची नाही हे मी वर्गात मुलींना सांगत असे. आणि खरं सांगायचं तर मला दुसरी वाटही नव्हती.

पहिले काही दिवस इतके छान गेले की मला म्हातारीची कीव आली. मुलगी न्हाऊमाखून, काजळ घालून, शेजारणीच्या मांडीवर झोपलेली असायची. अडचण माझीच होती. तिसरा तास सुरू झाला की छाती भरून यायची, पदर ओला व्हायचा आणि मी फळ्याकडे तोंड करून उगाच काहीतरी लिहीत राहायचे. भोंगा झाला की घाईघाईनं घरी यायचे, मुलीला जवळ घ्यायचे, तर ती तोंड फिरवायची. तिचं पोट भरलेलं असायचं.

एकदा मी विचारलं, "वहिनी, तुम्ही तिला पाजता का?"

ती ओशाळली नाही. "लई रडून राह्यल्ती. दोन घोट दिले. दूध काय वाया घालवायचं, बाई?"

मी बरं म्हणाले. पावडरीच्या दुधापेक्षा हे चांगलं, असंही मनाशी म्हणाले. पण त्या दुपारी मी मोरीत बसून स्वतःचं दूध पिळून टाकलं तेव्हा मला रडू आवरलं नाही.

मग मुलीच्या डोक्यावर टोपडं दिसायला लागलं. हिरव्या खणाचं, कडेला मणी लावलेलं. मी ते याआधी पाहिलं होतं. शेजारणीच्या मुलाच्या बारशाला माझ्याच हातानं मी त्याच्या डोक्यावर घातलं होतं. मी ते काढून तिच्या हातात दिलं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा मुलीच्या डोक्यावर होतं. मग त्याचा करदोडा आला, मग काळ्या दोऱ्यातली त्याची ताइताची पेटी.

बोलणंही बदलत गेलं होतं, पण ते मला उशिरा कळलं. "आला का माझा राजा? दूध पेला का? झोपला का?" आपल्याकडे लाडानं मुलीला असं बोलतातच. मीही बोलायचे. त्यात वावगं वाटायचं काही कारण नव्हतं. एका दुपारी मात्र मी चपला ओट्याखालीच काढून अनवाणी ओट्यावर आले आणि शेजारणीच्या दाराशी थबकले. ती पाठमोरी बसून मुलीला पायांवर डोलवत होती आणि नाव घेऊन हाका मारत होती. ते नाव तिच्या मुलाचं होतं.

मी खाकरले. तिनं मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. अवेळी पाहुणा दारात यावा, तसं.

"आज लौकर आलात," ती म्हणाली.

मी नेहमीच्याच वेळेला आले होते.

यजमान दौऱ्यावरून आल्यावर मी त्यांना हे सांगितलं. ते म्हणाले, "तिचं दुःख ताजं आहे. एक नाव घेतलं तर काय बिघडलं?" मलाही ते पटवून घ्यायचं होतं. शाळेत परीक्षा तोंडावर आल्या होत्या. परीक्षा उरकल्या की दुसरी सोय बघायची, असं मी ठरवलं.

दोन दिवसांनी, यजमान पुन्हा दौऱ्यावर गेल्यावर, मापारी आला. तो आमच्या दारात यापूर्वी कधी आला नव्हता. उंबऱ्याच्या बाहेर उभा राहून, जमिनीकडे बघत तो म्हणाला, "बाई, लेकराचं दुसरीकडं बघा."

"का? त्यांना जड होतंय का?"

"जड न्हाई. पन बघा."

"अहो, झालं काय ते तरी सांगा."

"बघा म्हन्लं ना," एवढंच बोलून तो गेला. मी परीक्षेपर्यंत थांबायचं ठरवलं होतं ते त्या क्षणी मोडलं. दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंना सांगून निदान चार दिवस घरी राहायचं, असं मनाशी धरून मी झोपले.

सकाळी, त्या एका दिवसापुरतं म्हणून मुलीला वहिनींकडेच ठेवून शाळेत गेले. मोठ्या बाई म्हणाल्या, "उद्यापासून चार दिवस घरी थांब." त्या आनंदात दुपारी परतले तर शेजारच्या दाराला कुलूप होतं.

मी विहिरीवर गेले, ओट्याच्या टोकापर्यंत गेले, प्रत्येक दारात विचारलं. म्हातारी म्हणाली, "सकाळीच गेली की. नवं लुगडं नेसल्ती. लेकरू कडेवर, हातात नारळ." तिच्या चेहऱ्यावर मला दोष देणारं काही नव्हतं, नुसती भीती होती. मी तशीच मोंढ्याकडे धावले.

मोंढ्यात मापारी ज्वारीच्या ढिगाशी उभा होता. मला येताना पाहिलं आणि त्यानं मोजणं मध्येच थांबवलं. माप खाली ठेवून तो सरळ चालू लागला. "जाफराबादची मोटार असंल," तो म्हणाला. "तिचं माहेर त्या अंगाला हाय. चला जल्दी."

मोटार भरलेली होती. चैत्रातलं ऊन पत्र्यातून खाली उतरत होतं. छातीत कळा येत होत्या आणि पदर सगळा ओला झाला होता. तो मी अंगाभोवती गुंडाळून घेतला. मापारी बाहेर बघत बोलला.

"परवा दुपारी मी घरी आल्तो. तर ही विहिरीच्या कठड्यावर बसल्ती, लेकरू घेऊन. पाय आत सोडून. मी हाक मारली तं बराबर उठली, भाकर वाढली. काई झालंच न्हाई असं."

"हे तुम्ही मला काल का नाही सांगितलं?"

त्यानं मान हलवली. "बायकोचं असं कुन्या तोंडानं सांगावं?"

मग तो म्हणाला, "तिथं गेल्यावर तिला काई बोलू नका. आधी लेकरू हातात घ्या."

मोटार नदीच्या पुलावरून जाताना त्यानं खाली पाण्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. त्यानंतर आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही.

फाट्यावर उतरून आम्ही शेतांतून चालत गेलो. तिच्या माहेरच्या वाटेवरच, पूर्णा नदीच्या काठावर, लिंबाखाली शेंदूर फासलेले गोटे होते, ती सटवाई. मला आधी रडणं ऐकू आलं. माझ्या मुलीचं रडणं. ती जिवंत आहे एवढंच कळलं आणि मी धावले.

ती एका तरुण माणसाच्या मांडीवर होती. तो शेजारणीचा भाऊ. पुढे न्हावी वस्तरा पुसत होता. मुलीचं डोकं तासून पांढरं केलेलं होतं, त्यावर कुंकवाची पाच बोटं. बाजूला शेजारीण पदर पसरून बसली होती आणि त्या पदरात माझ्या मुलीचं जावळ होतं.

"मुलाचं जावळ मामाच्या मांडीवर काढीन," असा नवस तिनं आपला मुलगा पोटात असताना बोलला होता. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी फक्त मुलगी उचलली.

भाऊ गडबडून उभा राहिला. "तुमीच बाई का?" मापाऱ्याकडे पाहून तो पुढे म्हणाला, "अक्का म्हन्ली, बाईंना नोकरी हाय, त्यांना लेकरू व्हत न्हाई सांभाळनं, म्हून त्यांनीच तिला दिलं. तुमीच दिलं ना, बाई?"

मी त्या माणसासमोर उभी होते आणि माझ्या तोंडातून 'नाही' एवढा शब्दसुद्धा बाहेर पडेना. मापारीच म्हणाला, "न्हाई. दिलं न्हाई त्यांनी."

मुलगी आकांत करत होती. उन्हानं लाल झाली होती, भुकेली होती. मी झाडाआड बसून तिला जवळ घेतलं. ती तोंड लावायची, सोडायची, पुन्हा किंचाळायची. तिचं रडणं आता घशात अडकायला लागलं होतं. शेजारीण उठून माझ्यासमोर येऊन बसली. तिनं काही हिसकावलं नाही, काही मागितलं नाही. फक्त हात पुढे केले.

मापारी ओरडला, "बाई, देऊ नका!"

मी दिली. माझा एक हात मुलीच्या पायाला धरून ठेवला आणि दिली. मुलगी तिच्या अंगावर घटाघटा प्यायली, हुंदके देत देत, आणि झोपली. न्हावी दुसरीकडे बघत उभा होता. मग मी झोपलेली मुलगी उचलून घेतली आणि मागे न बघता फाट्याकडे चालू लागले. मागून तिचा आवाज आला, अगदी साधा, रोजच्यासारखा. "ऊन लागंल त्याला. पदर घ्या डोक्यावरून."

मी पदर घेतला.

भावानं तिला माहेरीच ठेवून घेतलं. चार दिवसांची रजा संपल्यावर मी मुलीला शाळेत न्यायला लागले. मोठ्या बाईंनी वर्गातल्या आढ्याला झोळी बांधू दिली. मुली पाळीपाळीनं हलवायच्या आणि पाढे म्हणायच्या. पण मुलगी माझ्या अंगावर परत आली नाही. कितीतरी दिवस ती संध्याकाळी त्या कुलूप लावलेल्या दाराकडे बघून रडायची. माझं दूध त्याच महिन्यात आटलं. सासूबाई येऊन तिचं बोडकं डोकं बघून गेल्या. परक्याच्या देवाला जावळ गेलं, ते आता परत कसं आणायचं, असं त्या स्वतःशीच पुटपुटल्या. जाताना त्या मला काही बोलल्या नाहीत. त्यांनी बोलायला हवं होतं असं मला वाटलं.

आषाढात शेजारीण परत आली. वाळली होती. एका दुपारी ती माझ्या उंबऱ्याशी येऊन उभी राहिली.

"बाई, बघू का?"

"बसा ना, वहिनी," मी म्हणाले, पण मुलीच्या झबल्याचं टोक मी मुठीत धरून ठेवलं.

ती बसली. मुलगी तेव्हा रांगायला लागली होती. तिनं आम्हा दोघींकडे पाहिलं आणि ताटल्यांच्या मांडणीकडे रांगत निघाली.

"केस आले," ती म्हणाली.

"हो."

"दाट येतेत आता."

मग ती उठून गेली. दसऱ्याच्या आधी त्यांनी ती खोली सोडली आणि ते गावातल्या नदीपलीकडे राहायला गेले. पुढे तिला मूल झालं असं कोणीतरी सांगितलं. खरं की खोटं, मी चौकशी केली नाही.

मी ती अर्धी शाळा आणखी बरीच वर्षं केली. त्या ओळीत राहत होतो तोवर, भोंगा झाल्यावर घरी येताना शेवटचं वळण आलं की माझे पाय आपोआप धावू लागायचे. मुलगी माझ्याच कडेवर असायची, तरीही.